पडद्यावरचा गोलघुमट

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे, टॉकीजचा तर नव्हेच. सोलापुरात भवानी पेठेत ईश्वरप्पांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथं मागच्या भिंतीला मी टांगलेला असतो. माझ्यापुढं एक खुर्ची असते. माणसं येतात, आरशात बघून भांग पाडतात, गालाला पावडर चोपडतात, माझ्याकडं पाठ करून बसतात आणि फोटो निघाला की उठून जातात. दहा वर्षांत 'बाबा रे, तुझं काय चाललंय' म्हणून मला कुणी विचारलेलं नाही. आता तुम्ही थांबलाच आहात तर ऐका. ऐकून बरं वाटेल असं माझ्यापाशी काही नाही, हे मात्र आधीच सांगतो.

मूळचा मी मांजरपाट. इथल्याच एका गिरणीत विणला गेलो. माझ्या ताग्यातले भाऊबंद कुणी गादीच्या खोळीला गेले, कुणी पिठाच्या पिशवीला. मला ईश्वरप्पांनी एकोणसत्तर सालच्या दिवाळीआधी घरी आणलं. एका पन्ह्यात भिंत झाकेना, म्हणून दोन पट्टे उभे जोडावे लागले. ती शिवण घातली ईश्वरप्पांच्या बायकोनं, पार्वतम्मानं. स्टुडिओच्या मागंच त्यांचं राहतं घर, मध्ये एक दार. त्या दारात उजेडाला मशीन ओढून घेऊन तिनं मला शिवलं. टीप मारता मारता ती कानडीत काहीतरी गुणगुणत होती. मला पहिली माया लागली ती तिच्या हाताची, म्हणून हे सगळं सांगणं आहे.

मग आला येडू पेंटर. दुकानांच्या पाट्या करायचा आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांवर वाघ-सिंह काढायचा. त्यानं सरसात खडू कालवून माझ्या अंगाला दोन हात लेप दिले. मी वाळून ताठ झालो. ईश्वरप्पा त्याला म्हणाले, "येडू, मला ह्याच्यावर अख्खं जग पायजे. गिऱ्हाइकानं बोट दावावं आनि तितं हुबं ऱ्हावं."

येडूनं काखेतून एक जुनं कॅलेंडर काढलं आणि बिस्किटाच्या डब्याचं एक झाकण काढलं. जग त्याच्याकडं एवढंच होतं.

"ह्यातलं काय बगितलंयस का तू?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"न्हाई की. मी तुळजापूरच्या म्होरं कुटं गेलोय? पन तुमचं गिऱ्हाईक तरी कुटं गेलंय, अण्णा?"

तर असा मी झालो. डाव्या कडेला मिसरचे पिरॅमिड आणि एक उंट. मधोमध ताजमहाल. त्याच्या पाठीमागं स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर. उजवीकडं पॅरिसचा लोखंडी मनोरा, आणि वर ढगातून कोसळणारा नायगारा. आता येडूच्या चुका मी झाकून ठेवत नाही. उंट पिरॅमिडाहून थोराड झाला होता. नायगाऱ्याचं पाणी सरळ ताजमहालाच्या हौदात पडत होतं. उजव्या हाताचा खालचा कोपरा कोराच राहिला, कारण तिथपर्यंत येईतो येडूचा रंग संपला. ईश्वरप्पांनी डोकं खाजवलं. "आनि एवढे रंग कशाला उधळलेस? फोटोत समदं काळंपांढरंच येतंय."

"फोटोत न्हाई येत," येडू म्हणाला, "पन बसनाऱ्याच्या मनात येतंय की."

खरं सांगतो, पहिली दोन वर्षं मी फुगून गेलो होतो. गड्ड्याच्या दिवसांत स्टुडिओच्या दारातून रस्त्यापर्यंत माणसं उभी राहायची. नवी जोडपी ताजमहाल मागायची. माळशिरसकडचे ऊसवाले ईश्वरप्पांचा काळा कोट अंगात घालून मनोऱ्यापाशी उभे राहायचे. वळसंगच्या एका म्हाताऱ्यानं तर त्या मनोऱ्याला देवळाची दीपमाळ समजून हात जोडले. मला वाटायचं, जग जग म्हणतात ते मीच. मला बघितलं की झालं, आणखी बघायचं काय राहिलं? चढेल माणसाला आरसा कुणी दाखवत नाही आणि मी तर आरशासमोरच टांगलेला, तरी मला दिसलं नाही.

ते दिसलं मुक्ताबाईमुळं. तिचा नवरा हरिदास रेल्वेत गँगमन होता. एकाहत्तर सालच्या सुरुवातीला दोघं फोटो काढायला आली. ताजमहालापुढं उभं राहताना हरिदास ईश्वरप्पांना म्हणाला, "मला पास मिळतोय, साहेब. आमी खरंच जानार हाओत आग्र्याला. आदी हितं बगून घेतो, कसं दिसतंय."

ईश्वरप्पा हसले. आग्र्याला कोण जातंय, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण ती दोघं गेली की हो! महिनाभरानं मुक्ताबाई स्टुडिओत आली ती हातात आग्र्याच्या पेठ्याची, तिथल्या मिठाईची, पुडी घेऊन. पार्वतम्मानं तिला आत घरात न नेता स्टुडिओतल्या बाकावर बसवलं आणि आपण शेजारी बसली.

"कसा हाय गं ताजमहाल?"

"काय सांगू, वैनी. उनाचं पोचलो. चपला बाहेर काढून ठेवल्या, तर फरशीला ह्यो चटका. आन् आत गेलं की गारगार. भिंतीला हात लावून हुबी ऱ्हायले मी लई येळ." मग तिनं माझ्याकडं हनुवटी केली. "ह्याच्यात ते कुटलं?"

पार्वतम्मानंही माझ्याकडं बघितलं. वाईट नजरेनं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावर मला नुसता सरस आणि खडू जाणवला.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. पार्वतम्माचा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याची बायको, आणि फोटो नाही! लग्नात तेवढी ऐपत नव्हती आणि पुढं राहून गेलं. ईश्वरप्पा कधी रिकामे असले की म्हणायचे, "बस की, एक काढून टाकतो." ती म्हणायची, भाकरी तव्यावर आहे. मुक्ताबाई येऊन गेली त्या दिवशी मात्र तिनं वेगळं उत्तर दिलं.

"फोटू काढायचा तर खऱ्याम्होरं काढा. मला गोलघुमट बगायचा हाय."

"विजापूरचा?"

"व्हय. माझ्या अव्वानं सांगितल्यालं. तितं वर सज्जात गेलं की हळू बोललेलं बी पल्याड ऐकू येतंय. हाक मारली की सात डाव परत येती म्हनं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तितं अव्वाला हाक मारायची हाय."

तिची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बघा, तिनं पॅरिस मागितलं नाही, नायगारा मागितला नाही. आग्रासुद्धा मागितला नाही. विजापूर मागितलं.

ईश्वरप्पा माणूस वाईट नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. बायकोवर कधी हात उचलला नाही, जेवताना मीठ कमी पडलं तर उठून स्वतः घेतलं. ते म्हणाले, "येवढंच व्हय? सकाळच्या गाडीत बसलं की चार तासांत तितं. विजापूर काय पळून जातंय? लगीनसराई झाली की जाऊ."

लगीनसराई झाली. मग ऊन फार होतं. मग पाऊस धरला. श्रावणात पार्वतम्मा पंचमीला माहेरी वळसंगला गेली, तिच्या भावाकडं, सोमलिंगाकडं. ती गेली त्याच दुपारी ईश्वरप्पांनी येडूला बोलावून घेतलं आणि माझा तो कोरा कोपरा दाखवला. येडूनं चार दिवस खपून तिथं गोलघुमट काढला. ह्या खेपेला त्यानं खरंच जीव ओतला. चारी मिनार, मधला मोठा घुमट, खाली झाडं, सगळं बेतशीर. मला स्वतःला ते काम आवडलं होतं. लाज वाटते आता सांगायला, पण आवडलं होतं.

पार्वतम्मा परत आली. हातात गाठोडं, त्यात भावानं दिलेलं खणाचं कापड. ईश्वरप्पांनी तिला उंबऱ्यातच थांबवलं. "डोळे झाक," म्हणाले. हाताला धरून माझ्यापुढं आणून उभी केली. "उघड आता. घे, विजापूर आनलं तुझ्यासाठी घरात. गाडीचा तरास न्हाई, काय न्हाई."

त्यांचा चेहरा इतका खुलला होता की बघवत नव्हतं. ते थट्टा करत नव्हते हो. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण बायकोची हौस पुरवली. वीस वर्षं माणसांना पडद्यापुढं बसवून बसवून त्यांची समजूतच तशी झाली होती. मागं ताजमहाल दिसला म्हणजे माणूस आग्र्याला जाऊन आला. ज्या धंद्यात पोट भरतं त्याच्यावर माणसाचा विश्वास बसतो, त्यातलाच हा प्रकार.

पार्वतम्मानं घुमट, मिनार, झाडं सगळं बघितलं. येडू कोपऱ्यात ब्रश पुसत होता. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, "चांगलं काढलंय." आणि गाठोडं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईश्वरप्पा जेवून आडवे झाले होते. ती एकटी स्टुडिओत आली. खुर्ची तिनं बाजूला सारली आणि माझ्या त्या कोपऱ्याशी इतकी जवळ आली की तिचा श्वास माझ्या कापडाला लागला. "अव्वा," ती म्हणाली. हळूच. मग थांबली. मग थोडं मोठ्यानं, "अव्वा."

मी काय करणार होतो? मी मांजरपाट. कापडात आवाज मुरतो, परत येत नाही. दगडाचा असतो, विटेचा असतो तर काहीतरी तिच्या पदरात टाकलं असतं. मी ती हाक गिळून बसलो. माझ्या हातून घडलेलं हे पहिलं पाप, आणि मी ते न करता घडलेलं आहे.

त्या दिवाळीला तिची लेक चंद्रव्वा अक्कलकोटाहून आली होती. सासर तिचं तिकडंच. तिनं गोलघुमटाचं कौतुक केलं आणि म्हणाली, "अव्वा, बस की हितं. अप्पांना फोटू काढायला सांगते." पार्वतम्मा माझ्यावरची धूळ झटकत होती. ती झटकता झटकताच म्हणाली, "चंद्रा, ध्यानात ठेव. मी ह्या पडद्याम्होरं बसनार न्हाई. मेल्यावर बी न्हाई." आवाज चढवून नाही, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. चंद्रव्वाचं हसू मावळलं. मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून मनात एकच धरून बसलो, की निदान एवढं तरी हिचं राहावं.

बहात्तरला दुष्काळ पडला. लग्नं नाहीत, बारशी नाहीत, खेड्यातली माणसं खडी फोडायला गेलेली. कोट खुंटीला लटकून राहिला. ईश्वरप्पा दिवसभर बाकावर बसून रस्ता बघायचे. आता वेळच वेळ होता. पार्वतम्मानं एकदा विषय काढला तर म्हणाले, "लोकं खडी फोडायला लागल्यात आनि आमी गोलघुमट बगायला जायाचं? तोंडात शेण घालतील." तेही खोटं नव्हतं. हातात काम असलं की सवड नाही आणि सवड असली की शोभत नाही. दुष्काळ सरल्यावरही, स्टुडिओच्या सुट्टीचा एखादा मंगळवार मोकळा सापडेल म्हणून ती थांबत राहिली.

तो मंगळवार आला, शहात्तरच्या माघात. कसं काय कोण जाणे, ईश्वरप्पांनी आदल्या दिवशी आपणहून सांगितलं, "उद्या जाऊ. सकाळच्या गाडीनं." पार्वतम्मा पहाटेपासून तयार. सोमलिंगानं दिलेल्या खणाची चोळी, हिरवं लुगडं, कपाळाला विभूती. फडक्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदे बांधून ती स्टुडिओतल्या बाकावर येऊन बसली. पोटात दुखायचं तिला तेव्हा, हात सारखा कमरेशी जायचा, पण त्या सकाळी चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तर देवाला म्हटलं, एवढी गाडी गाठून दे.

दारात ट्रक थांबला. माळशिरसकडचं वऱ्हाड. नवरानवरी, करवल्या, वीस-पंचवीस माणसं. कुलदैवताला निघालेली, वाटेत फोटो काढून घ्यायचा म्हणून आलेली. नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, "मालक, अर्ध्या तासाचं काम हाय. न्हाई म्हनू नका, पोरीच्या अंगाची हळद ओली हाय."

ईश्वरप्पांनी घड्याळ बघितलं, बायकोकडं बघितलं. "होतंय की," ते म्हणाले, "गाडीला येळ हाय."

नवरीला माझ्याकडं बघून हसू फुटलं. "हे विजापूर न्हवं? हितंच हुबं करा आमाला." ईश्वरप्पांनी दिवे सारखे केले. नवरीचा पदर सरकत होता. "ऐकलंस का," त्यांनी बायकोला हाक मारली, "जरा पदर लावून दे हिचा." पार्वतम्मा उठली, गाठोडं बाकावर ठेवलं, नवरीचा पदर नीट टाचून दिला आणि चटकन बाजूला झाली. मग करवल्यांचा एक, मग सगळ्यांचा एक, मग आजीला खुर्चीवर बसवून एक.

वऱ्हाड निघालं तेव्हा गाडी होटगी स्टेशनाच्या पुढं गेली असेल. ईश्वरप्पा खाली मान घालून म्हणाले, "उद्या जाऊ." पार्वतम्मानं फडक्याची गाठ सोडली. "साकु," ती कानडीत म्हणाली. पुरे. आणि त्या भाकऱ्या दोघांनी दुपारी घरातच खाल्ल्या.

तिचं पोटातलं दुखणं म्हणजे गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं तोवर उशीर झाला होता. वर्षभर ती आतल्या खोलीत अंथरुणावर होती. ईश्वरप्पा स्टुडिओ अर्धा दिवस बंद ठेवायचे, पाय चेपायचे, पेज भरवायचे. मला दारातून ऐकू यायचं. ते म्हणायचे, "बरी झालीस की जाऊच बग." सत्याहत्तरच्या आषाढात, सकाळच्या वेळी, ती लिंगैक्य झाली.

आता पुढचं सांगताना माझे धागे ओढल्यासारखे होतात, तरी सांगतो. ह्या लिंगायत लोकांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, नवं नेसवून, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून, हार घालून बसवतात. बसलेलंच नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. न्यायच्या आधी घरच्यांसोबत फोटो काढायची रीत आहे. ईश्वरप्पांनी असे फोटो कितीतरी घरी जाऊन काढलेले. आता स्वतःच्याच घरात वेळ आली. आतली खोली अंधारी आणि लहान, भेटायला माणसं फार. म्हणून पार्वतम्माला बाहेर स्टुडिओत आणून बसवलं. पाठीला भिंत हवी होती. भिंतीवर मी होतो.

सोमलिंग वळसंगाहून पोचला होता. तो म्हणाला, "दाजी, त्यो पडदा गुंडाळा वर. देवाचं काम हाय."

चंद्रव्वा आईच्या पायाशी बसली होती. ती उठली. "अप्पा, पडदा काढा. अव्वानं सांगितलंय. ह्याच्याम्होरं बसनार न्हाई म्हनली होती ती."

मला वाटलं, आता दोरी ओढतील. दोन हात लागले असते फक्त. मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं गुंडाळून घ्यायला आतुर झालो होतो.

 ईश्वरप्पा मान हलवून म्हणाले, "न्हाई, चंद्रा. तिला जायाचं होतं. माझ्यानं झालं न्हाई. आता एवढं तरी होऊ दे." आणि त्यांनी सोमलिंगाच्या मदतीनं ती खुर्ची उचलून, बसलेल्या पार्वतम्मासकट, हळूहळू उजवीकडं सरकवली. गोलघुमट तिच्या खांद्याला लागला. तिचं डोकं कलू नये म्हणून मागून कापडाची पट्टी बांधली होती, ती माझ्यावर टेकली. तिच्या हातानं घातलेली शिवण तिथून वीतभर लांब होती.

चंद्रव्वा फोटोत उभी राहिली नाही. दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. बाकीचे उभे राहिले. ईश्वरप्पांनी कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावर घेतलं आणि आत बराच वेळ राहिले. मग आतूनच, सवयीनं, ते म्हणाले, "हलू नका." सोमलिंग मोठ्यानं रडला. फोटो निघाला.

माझ्यापाशी तिनं कधी काही मागितलं नव्हतं. एकच मागितलं होतं, की मी पाठीशी नको. तेही मी मोडलं. मी मोडलं म्हणजे काय, मला कुणी विचारलं नाही. पण पाठीशी मीच होतो ना.

पंधरा दिवसांनी चंद्रव्वा फोटो न्यायला आली. आता ह्या कामातली आणखी एक रीत सांगितली पाहिजे. गेलेल्याचे डोळे मिटलेले असतात. भिंतीवर लावायच्या फोटोत मात्र ते उघडे लागतात, म्हणून फोटोवाला बारीक ब्रशनं ते काढून देतो. ईश्वरप्पांचा त्यात हातखंडा. लोक लांबून त्यांच्याकडं यायचे. त्यांनी चौकटीत घातलेला फोटो चंद्रव्वाच्या हातात दिला. तिनं बघितला. मग आणखी उजेडात नेऊन बघितला.

"हे डोळे कुनाचे हो, अप्पा?"

"असं काय करतीस? तुझ्या अव्वाचे."

"अव्वाचे असे न्हवते."

ईश्वरप्पांनी चौकट परत घेतली. चष्मा लावला, काढला. "मग कसे होते?" त्यांनी विचारलं. "सांग तू. मी परत काढतो."

चंद्रव्वा रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमल्यासारखी म्हणाली, "तुमीच सांगा. तीस वर्सं कुनी वाढलं तुमाला?"

ती फोटो न घेता गेली. ईश्वरप्पा त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडाला बसले. नवी प्रत काढली, ब्रश ओला केला, कागदावर टेकवायला गेले आणि थांबले. गिऱ्हाइकांचे डोळे त्यांना आठवतात. हरिदासच्या डोळ्याखालचा तीळ आठवतो. हिचे आठवेनात. मोठे होते की लहान, बाहुली काळी होती की घारी, हसताना मिटायचे की नाही, काही सापडेना. कॅमेऱ्याच्या भिंगातून बघितलं असतं तर सापडलं असतं. भिंगापुढं ती कधी बसली नाही आणि भिंगाशिवाय ते कुणाकडं बघत नव्हते. त्यांनी पाच प्रती खराब केल्या. शेवटी पहिलीच चौकट, त्या कुणाच्याही डोळ्यांची, माझ्या समोरच्या भिंतीवर टांगली. मला दुसरीकडं बघायची सोय नाही. दोन वर्षं झाली, मी समोर तेच बघतो आहे. मला आठवतात तिचे डोळे. शिवताना ती सुई ओवायला माझ्यावर वाकायची. पण माझी आठवण कुणाच्या ब्रशात उतरत नाही.

आता एकोणऐंशी साल चालू आहे. माझा उंट पुसट झाला. मनोऱ्याच्या पायाशी ओल येऊन पोपडे धरलेत. येडू कुठं पुण्याकडं गेला म्हणतात, डागडुजीला कुणी नाही. तरी गिऱ्हाईक येतं, आणि उजवा कोपराच मागतं, कारण तेवढाच काय तो नीट उरलाय.

काल एक जोडपं आलं. वळसंगकडचं, नवंच लग्न झालेलं. पोरगी गोलघुमटाकडं बघत राहिली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "आपन बी जाऊ की एकदा." नवरा हसला. "हितंच काढून घे की फोटू. तितं काय येगळं हाय?" तिचं समाधान झालं नाही. तिनं समोरच्या भिंतीवरची चौकट बघितली, मग ईश्वरप्पांकडं वळली.

"काका, विजापूर लई लांब हाय का हो?"

ईश्वरप्पा दिवा सारखा करत होते. त्यांचा हात तसाच वर राहिला. मी मनात म्हटलं, सांगा. आता तरी सांगा. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला माहीत आहे?

"व्हय, पोरी," ते म्हणाले. "लई लांब हाय."

ती खुर्चीवर बसली.

बाई, खोटं आहे ते. सकाळच्या गाडीत बसलीस की जेवणवेळेला तिथं असतीस. मी कापड आहे, माझ्या अंगावर खडू आहे, माझ्यात काही नाही. तुला तोंड आहे, पाय आहेत, नवरा अजून तुझं ऐकतो आहे. ऊठ त्या खुर्चीवरून.